कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं?

एप्रिल लागला की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत रोज दुपारी एक प्रश्न विचारला जातो. जेवणं झालेली असतात, खिडकीला लावलेला कूलर घरघरत असतो, फरशीवर चटया पसरून सगळं घर आडवं झालेलं असतं. एवढ्यात कूलरचा आवाज बदलतो. पाण्याची झरझर थांबते, नुसता पंखा फिरतो आणि गार वाऱ्याच्या जागी भट्टीचा झोत अंगावर येतो. त्या क्षणी त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलेलं असतं की टाकीतलं पाणी संपलं. तरीही कोणी डोळा उघडत नाही, कारण जो आधी हलला त्याच्यावर बादली आली. आजोबा छताकडे बघत म्हणतात, "पाणी संपलं वाटतं." हे वाक्य कुणालाच उद्देशून नसतं. मोठा मुलगा धाकट्याला पायाने ढोसतो, धाकटा "कालदिन मीच टाकलं" म्हणून कूस बदलतो. दोन-तीन मिनिटं ही झोपेची शर्यत चालते आणि शेवटी बहुतेक घरांत एकच माणूस उठतो. जेवणाची भांडी आवरून जिची पाठ नुकतीच जमिनीला टेकली होती, ती उठते.

घरातली उपकरणं मला मनापासून आवडतात. नव्या यंत्राचं खोकं उघडताना येणारा थर्मोकोलचा आवाज, माहितीपत्रकातली आकृती, पहिल्यांदा बटण दाबल्यावर लागणारा लाल दिवा, या सगळ्यांत खरा आनंद आहे, आणि तो बालिश आहे असं मला मुळीच वाटत नाही. म्हणूनच कूलरच्या बादलीवरून होणाऱ्या या भांडणाकडे गॅजेटप्रेमींनी सगळ्यांत आधी लक्ष द्यायला हवं. प्रत्येक यंत्र घरात येतं ते स्वतःची चाकरी बरोबर घेऊन. त्याला पाणी घालायचं, त्याची जाळी धुवायची, त्याची बादली रिकामी करायची, त्याच्या दुरुस्तीचा माणूस येणार असला की घरी थांबायचं. यंत्राची किंमत खोक्यावर छापलेली असते, वीज किती खातं ते मीटर सांगतो, पण चाकरीचा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. माझं म्हणणं एवढंच आहे: कोणतंही उपकरण चांगलं की वाईट हे ते काय करतं यावर ठरत नाही, ते विकत कोण घेतं, त्याचा फायदा कोणाला होतो आणि त्याची चाकरी कोण करतं, या तीन माणसांमधल्या अंतरावर ठरतं. तिन्ही एकच असतील तर ते यंत्र घराचं सोनं करतं. तिघं वेगळे असतील तर घरात रोज एक बारीक भांडण पिकतं. हे तपासायला खान्देशासारखी जागा नाही, कारण इथलं ऊन, इथलं पाणी आणि इथली वीज कोणत्याही यंत्राचे लाड करत नाही.

कूलरपासूनच सुरुवात करू. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचं धुणं अर्ध्या तासात कडक होतं. असल्या हवेसाठी कूलर हे अतिशय हुशार यंत्र आहे. त्याच्या आत गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. लाकडाच्या भुशाच्या किंवा मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवरून पाणी ओघळतं, पंखा त्यातून हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. माठातलं पाणी जसं गार होतं त्याच तत्त्वावर इथे वारा गार होतो. हवेत ओल जितकी कमी तितकी वाफ जोरात, म्हणून 44 अंशांची हवा खोलीत येईपर्यंत तिशीच्या आसपास उतरू शकते. तेही दोनशे वॅटच्या आत, म्हणजे दीड टनाच्या एसीला लागणाऱ्या विजेच्या एका लहानशा वाट्यात. जूनच्या अखेरीस हवेत दमटपणा शिरला की तोच कूलर चिकचिक करतो, पण तोवर त्याने आपलं काम केलेलं असतं.

आता त्याच भौतिकशास्त्रातून चाकरीचा आकडा काढता येतो. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. एवढ्या कडक उन्हात घरगुती कूलर जितकी हवा गार करतो तितक्यासाठी तासाला आठ-दहा लीटर पाणी लागतं. दिवसाचे बारा तास धरले तर शंभर लीटरच्या घरात. पंधरा लीटरच्या सात बादल्या. एप्रिल ते जून असे नव्वद दिवस मोजले तर नऊ टनांहून जास्त पाणी कोणीतरी नळापासून किंवा ड्रमपासून उचलून कूलरच्या खिडकीपर्यंत नेतं, आणि बहुतेक कूलरची झाकणं कमरेच्या वर असतात. एसी घेणं परवडत नाही म्हणून कूलर आणला, हा हिशेब बरोबरच आहे. पण एसी आणि कूलर यांच्यातला पैशांचा फरक नुसत्या विजेने भरून निघत नाही. त्यातला एक भाग त्या नऊ टनांनी भरला जातो.

आणि हे पाणी येतं कुठून? इथे गोष्ट आणखी खोल जाते. धुळे शहराने तापीची योजना, नकाणे आणि डेडरगावचे तलाव, अक्कलपाड्याचं धरण अशा एकामागून एक स्रोतांची वाट पाहिली, आणि तरीही आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येण्याची वर्षं तिथल्या घरांनी काढली. वाघूर धरणावर असलेल्या जळगावातही रोज पाणी येतं असं गृहीत धरून कोणी घर चालवत नाही. त्यामुळे खान्देशातल्या घराची रचनाच साठवणीभोवती झाली आहे: जमिनीखाली टाकी, गच्चीवर काळी टाकी, मोरीत दोन निळे ड्रम, स्वयंपाकघरात तांब्याचे हंडे. नळ येण्याच्या दिवशी घराचं वेळापत्रक त्या नळाच्या हातात जातं. मोटर लावायची, तिने हवा धरली असेल तर तिच्या तोंडातून पाणी भरून पुन्हा सुरू करायची, खालची टाकी भरली की वरची चढवायची आणि ओसंडण्याआधी धावत जाऊन बटण बंद करायचं. या धावपळीला उपाय म्हणून बाजारात पाण्याची पातळी ओळखणारी घंटी मिळते, आपोआप बंद होणारा फ्लोट मिळतो. फार उपयोगी वस्तू आहेत या. कूलरमध्ये फ्लोट बसवून त्याला वरच्या टाकीची नळी जोडली तर बादली जवळपास सुटते. म्हणजे दीडदोनशे रुपयांच्या एका प्लास्टिकच्या गोळ्याने नऊ टनांचं ओझं उतरतं. मग घराघरांत तो का नसतो? कूलर ज्याने पसंत केला, ज्याने दुकानात घासाघीस केली, त्याने बादली उचललेली नसते. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जिचं जळतं तिच्या हातात खरेदी नसते. माझ्या तीन माणसांच्या सूत्राला याहून सरळ पुरावा मिळणार नाही.

कूलरच्या पाण्याचा आणखी एक धागा आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडणारा डास तयार होतो. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतं: कूलर रिकामा करा, घासा, वाळवा, मग भरा. सल्ला शंभर टक्के खरा आहे. पण ज्या घरात पाणीच आठवड्याने येतं, तिथे टाकीतलं उरलेलं पाणी ओतून देणं कुणाच्या जिवावर येणार नाही? मग ते पाणी बादलीत काढायचं, झाडांना घालायचं, उरलं तर संडासात वापरायचं, तळाचा चिखल खरवडायचा. हे काम महिन्यात चार वेळा येतं आणि घरातल्या कामांच्या कोणत्याही यादीत त्याचं नाव नसतं. यंत्राची चाकरी अशीच असते, थोडी थोडी, नाव नसलेली, म्हणूनच ती करणाऱ्यालाही ती सांगता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येणार हे उघड आहे. यंत्रांनी बायकांचे कष्ट कमी केले हे डोळ्यांना दिसतं. चुलीचा धूर गेला, जातं गेलं, विहिरीवरून पाणी शेंदणं गेलं, मग बादलीचं रडगाणं कशाला? कष्ट हलके झाले हे मला पूर्ण मान्य आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पण हलकं होणं आणि संपणं यात फरक आहे, आणि तो मोजला गेला आहे. जोअन व्हॅनेक या अभ्यासक बाईंनी 1974 साली अमेरिकेतल्या जुन्या पाहण्या एकत्र करून दाखवलं की नोकरी न करणारी गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत होती आणि 1960 च्या दशकात, वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर सगळं घरात आल्यावर, सुमारे 55 तास. रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी 1983 च्या आपल्या पुस्तकात याचं कारण उलगडलं. चूल बदलली तसं लाकूड फोडण्याचं पुरुषाचं काम गेलं, पण स्वयंपाक तिच्याकडेच राहिला. धुणं सोपं झालं तसे कपडे रोज बदलले जाऊ लागले. आपल्याकडची केंद्र सरकारची वेळवापराची पाहणीही बघा. 2019 मध्ये घरातलं बिनमोबदल्याचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि असं काम करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. मधल्या पाच वर्षांत घरात यंत्रं वाढली, आणि बायकांची दहा मिनिटं वाचली. पुरुषांचीही नऊ वाचली. त्यांच्यातलं अंतर जवळपास जागच्या जागी आहे.

तरीही काही यंत्रांनी खरोखर सुटका केली, आणि ती कोणती हे पाहिलं की सूत्र अधिक पटतं. आपल्या मिक्सरची जन्मकथा प्रसिद्ध आहे. मुंबईत माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर जळाला. तो दाट चटणी आणि ओलं वाटण यांच्यासाठी बनलेलाच नव्हता. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंता होते. त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल एवढी दणकट मोटर बसवून यंत्र बनवलं आणि 1963 मध्ये त्यातून 'सुमीत' उभा राहिला. यातला महत्त्वाचा भाग असा की जिला वाटायचं होतं तिची तक्रार थेट यंत्राच्या आराखड्यात गेली. शेवभाजीचा काळा मसाला डोळ्यांसमोर आणा. कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजायचं, मग लसूण, मिरच्या, खडा मसाला, सगळं लोण्यासारखं बारीक. पाट्यावर हे चार माणसांपुरतं वाटायलाही खांदे भरून यायचे, आणि खान्देशात चार माणसांचा स्वयंपाक होतो कुठे? पाहुणा आला की रस्सा वाढवायचाच. मिक्सरने हा घाम खरोखर पुसला. त्याची चाकरी एवढीच की भांडं लगेच विसळायचं आणि रबराची चकती हरवू द्यायची नाही.

याला एक मोठा आणि मनापासूनचा आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. जात्याबरोबर ओव्या गेल्या, असं म्हणतात. खान्देशात जात्याला घरोट म्हणतात आणि त्याच्या घरघरीतूनच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी निघाली. 1880 साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी घरकामात आणि शेतकामात रचलेली गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि भाऊबंदांनी टिपून ठेवली, आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपात आली. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे. एवढं मोठं काव्य कष्टांच्या सोबतीनं जन्मलं, हे खरं. पण त्या ओव्यांमध्ये सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, थकवा आहे. पहाटे तीनला उठण्याचं कौतुक फार थोडं आहे. ओवी ही त्या चाकरीतून काढलेली वाट होती. कवितेसाठी घरोट परत आणा असं म्हणणारा माणूस ते स्वतः ओढायला तयार असेल तरच त्याचं म्हणणं ऐकावं. शिवाय बहिणाबाई यंत्राला बिचकणाऱ्या नव्हत्या. जळगावातला छापखाना पाहून त्यांनी त्याच्यावर कविता केली आहे. कोऱ्या कागदाला शहाणं करणारं यंत्र पाहून त्यांना माणसाबद्दल काहीतरी सुचलं. मोटेवर, घरोटावर, चुलीवर त्यांनी जितक्या बारकाईने पाहिलं तितकं बारकाईने पाहणं हेच तर गॅजेटप्रेम. माझ्या मते खान्देशातली पहिली थोर गॅजेटप्रेमी त्याच.

घरोटाची जागा आधी गावच्या पिठाच्या गिरणीने घेतली आणि आता मध्यमवर्गीय घरांत घरघंटी आली आहे. खान्देशात तिला एक खास कारण आहे. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत थोडे उडीद मिसळून दळलेलं पीठ. हे प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं, पीठ जुनं झालं की चव उतरते, आणि गिरणीवाला दोन किलोंसाठी जातं साफ करत नाही, त्यामुळे आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू आपल्या कळण्यात येतो. घरघंटीने हे सगळं सोडवलं. पण जाळ्या बदलणं, कोपऱ्यातला पिठाचा थर झाडणं, किडे होऊ नयेत म्हणून आतून पुसणं ही चाकरी सुरू झाली, आणि दुसरी एक चाकरी शेजारधर्माची. घरघंटी असलेल्या घरात शेजारची जिजी पिशवी घेऊन येणारच: "दोनच किलो आहे वं माय, बसल्या बसल्या होऊन जाईल." बसल्या बसल्या होतंही, पण बसतं कोण हे ठरलेलं असतं.

भरिताच्या बाबतीत मात्र यंत्राने हात टेकले आणि ते बरंच झालं. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते हिरवट-पांढरं, मोठं वांगं तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायचं आणि लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सरमध्ये घातलं की पात्यांनी गराचे धागे तुटतात, बियांचा कडवटपणा उतरतो आणि भरिताची खीर होते. भरिताची चाकरी मोठी असूनही तिच्यावरून भांडण होत नाही, कारण हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत शेतावर जाळ घालायला, वांगी फिरवायला, ठेचायला पुरुष मंडळी आपणहून पुढे होतात. तेच हात मे महिन्यात कूलरच्या बादलीपर्यंत पोचत नाहीत.

आता मला सगळ्यांत जास्त आवडणाऱ्या यंत्राकडे येतो. ते घरात नसतं, शेतातल्या विहिरीवर, पत्र्याच्या पेटीत असतं: मोबाइल स्टार्टर. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज आठ-दहा तास मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की केळी आणि कापसाच्या शेतकऱ्याला मध्यरात्री उठून मोटर चालू करायला जावं लागतं. वाटेत साप, विंचू, थंडी; 2017 च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात गिरणा नदीच्या पट्ट्यात बिबट्याने एकामागून एक माणसं मारली तेव्हा तर प्रत्येक घराने दार लावून घेतलं होतं. या पेटीत एक सिमकार्ड असतं. शेतकरी अंथरुणातून फोन लावतो, पेटी तिन्ही फेज नीट आहेत का ते पाहते, मोटर सुरू करते आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं तर मोटर जळण्याआधी बंदही करते. दिवसा वीज देण्यासाठी राज्याने 2017 पासून सौर कृषी वाहिनीची योजना हाती घेतली आहे आणि खरा इलाज तोच आहे, पण तोवर या पेटीने किती रात्रींची झोप परत दिली असेल. हे यंत्र इतकं यशस्वी का झालं? विकत घेणारा तो, रात्री उठणारा तो, रिचार्ज संपला की धावाधाव करणाराही तोच. तिन्ही माणसं एका धोतरात आहेत. जळगावात भवरलाल जैन यांच्या कंपनीने 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक सिंचन रुजवलं, तेही असंच टिकलं. ठिबकची चाकरी कमी नाही, गाळणी धुवावी लागते, क्षार साचून तोट्या बुजल्या की आम्ल सोडावं लागतं. पण ती चाकरी शेतकऱ्याला आधी समजावून सांगितली गेली, आणि वाचलेलं पाणी त्याच्याच केळीच्या बुंध्याशी पोचलं.

स्मार्टफोनची गोष्ट उलट्या दिशेने जाते. तिथे चाकरी नातवंडांवर येते. आबांना केळीचे भाव पाहायचे असतात, आजीला सुनेच्या माहेरचा व्हिडिओ कॉल लावून हवा असतो, नानांच्या फोनची जागा भरलेली असते कारण सकाळच्या सुविचारांची चार हजार चित्रं त्यात साठली आहेत. दहावीतला मुलगा अभ्यासाला बसला की तिन्ही फोन त्याच्याकडे येतात. पण ही चाकरी घरात कुणालाही बोचत नाही. मुलगा ऐटीत ती करतो, आजी त्याला हुशार म्हणते, आणि पैसे पाठवायचा पिन सांगताना त्याच्या कानात कुजबुजते. केलेल्या कामाला लगेच नाव आणि कौतुक मिळालं की चाकरी जड होत नाही, एवढं यातून कळतं. कूलर भरणाऱ्या बाईला कोणी हुशार म्हटल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाकडून येतो: यंत्रं आणखी हुशार होतील, मग चाकरीच उरणार नाही. पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र पाहा. बोअरचं पाणी जड म्हणून ते इथे घरोघर आलं. ते आपोआप चालतं, पण एक लीटर गोड पाण्यामागे दोन-तीन लीटर खारं पाणी नळीतून बाहेर टाकतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये सांगितलं की लीटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी हे यंत्र वापरू देऊ नये. पाणी मोजून वापरणाऱ्या घरात ते खारं पाणी सोडून देणं शक्य नसतं, म्हणून नळीखाली बादली येते आणि ती भरून वाहण्याआधी कुणीतरी ती उचलून फरशी पुसायला, भांडी घासायला न्यावी लागते. यंत्राची हुशारी वाढली तशी बादली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. फ्लोटसारखी काही साधनं चाकरी खरोखर संपवतात, हे मी वर सांगितलंच आहे. पण कोणतं साधन ती संपवतं आणि कोणतं ती दुसऱ्याच्या दारात सरकवतं, हे ओळखायला चाकरी करणाऱ्याला विचारावं लागतं.

तिसरा आक्षेप घरातल्या मोठ्या माणसांचा, आणि तो सगळ्यांत अवघड. घर म्हणजे कारखाना नव्हे, मायेत हिशेब कसला? याचं उत्तर खान्देशाच्याच मातीत आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, साक्री तालुक्यातून खाली येताना, फड पद्धतीचे बंधारे आहेत, निदान तीनशे वर्षांचे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या पाळीला पीक फिरवायचं, म्हणजे पाणी लागणारं पीक कायम एकाच्याच वाट्याला येत नाही. बंधारा आणि पाट हेही यंत्रच, आणि त्याची चाकरी प्रचंड: गाळ काढायचा, फुटलेले काठ बांधायचे, रात्री पाणी वळवायचं, पीक राखायचं. फडाने ही चाकरी नावानिशी नेमून दिली. पाणी सोडणारा पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, त्यांचा मोबदला ठरलेला, आणि गाळ काढायला ज्याचं पाणी त्याचा हात. हे सगळे एकाच गावचे, भावबंद, सोयरे; त्यांच्यात माया नव्हती म्हणून हे नियम केले असं कुणी म्हणणार नाही. उलट वर्षानुवर्षं एकाच पाटावर पाणी घेताना माया टिकावी म्हणूनच पाळी ठरवावी लागली. घराच्या कूलरला पाटकरी का नसावा? घरी आणलेल्या प्रत्येक यंत्रामागे कोणाची पाळी, कोणाचा मोबदला, कोणाचा हात, हे खोकं उघडण्याआधी ठरवता येतं. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिली पाळी आणणाऱ्याची असावी. ज्याने मिक्सर आणला त्याने पहिला महिना वाटण करावं, ज्याने कूलर आणला त्याने पहिला उन्हाळा भरावा. असं झालं तर दीडदोनशे रुपयांचा फ्लोट दुसऱ्याच दिवशी घरी येईल, कारण सात बादल्या उचललेला माणूस दुकानात वेगळे प्रश्न विचारतो.

दिवाळी येईल तेव्हा कूलरवर जुनी साडी झाकलेली असेल. पण त्याआधी कोणीतरी टाकीतलं उरलेलं पाणी काढलं असेल, तळाचा पांढरा क्षार खरवडला असेल, लाकडी भुशाच्या जाळ्या उन्हात वाळवून नीट गुंडाळल्या असतील किंवा कुजल्या म्हणून फेकल्या असतील, पंपाला जुन्या कापडात बांधून माळ्यावर टाकलं असेल. दिवाळीच्या साफसफाईत हे काम नेहमी एका दुपारी उरकलं जातं आणि मार्चमध्ये जाळ्यांचं माप कुणालाच आठवत नाही. तेव्हा फराळाचं ताट पुढे आलं की एक काम करता येईल. घरात कूलर ज्याने पसंत केला होता, त्याने साडी जरा बाजूला सारून जाळीची लांबी-रुंदी आणि फ्लोटसाठी लागणाऱ्या नळीचं माप मोजून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवावं.